सेवकाने किती सावरून घ्यावे?

सांगितले तेवढेच चोख करावे, की सांगणाऱ्याच्या मनात काय आहे तेही ओळखून करावे, हा सेवाधर्मातील जुना प्रश्न. देवस्थानाच्या कोठीवर बसणाऱ्या माणसापुढे तो जसा उभा राहतो तसाच तो संगणकाच्या पोटातही उभा राहिला आहे. संगणकाचा आणि धर्माधर्मविचाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु २०१० साली घडलेले एक प्रकरण समजून घेतल्यावर ते मत टिकले नाही.

संगणकावर चालणारा प्रोग्राम सगळीच कामे स्वतः करीत नाही. क्षणोक्षणी लागणारी बारीकसारीक कामे तो खालच्या थरातील तयार फंक्शनांकडून करवून घेतो. मेमरीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरविणे हे अशांपैकी एक काम. सी भाषेत त्यासाठी मेमकॉपी आणि मेममूव्ह अशी दोन फंक्शने आहेत, आणि त्यांच्यातील भेद पंगतीच्या दृष्टान्ताने चटकन ध्यानात येईल. पंगतीत बसलेल्या दहा जणांना दोन पाट डावीकडे सरकवायचे झाल्यास आरंभ डावीकडच्या माणसापासून करावा लागतो. उजवीकडून केला, तर एक जण दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसेल. मेमरीत मांडीवर बसण्याचीही सोय नाही. येणारा तो बसलेल्यास पुसूनच येतो. मूळ जागा आणि नवी जागा अशा एकमेकींत शिरलेल्या असल्या, तर मेममूव्ह आधी दिशा पाहते व मग हात घालते. मेमकॉपी पाहत नाही. दोन्ही जागा निराळ्या आहेत ही खात्री मागणाऱ्यानेच करावी, न केल्यास परिणामाची हमी नाही, असे सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणग्रंथात स्पष्ट लिहिलेले आहे.

लिनक्स प्रणालीत ही फंक्शने बहुधा जीलिबसी नावाच्या लायब्ररीतून मिळतात. तेथील मेमकॉपी दीर्घकाळ व्यवहारात आरंभाकडून शेवटाकडे उतरवीत आले होते. २०१० साली इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनी नव्या प्रोसेसरांसाठी अधिक वेगवान मेमकॉपी लिहिले, आणि ते काही प्रसंगी शेवटाकडून उलट उतरवू लागले. लेखी शब्दाप्रमाणे यात काडीइतकेही गैर नव्हते. पण फेडोरा १४ घेतलेल्या लोकांच्या संगणकांवर अ‍ॅडोबीच्या फ्लॅश प्लेअरमधून येणारा आवाज फाटका येऊ लागला. शोध घेता आढळले, की जेथे मेममूव्ह मागवावयास हवे होते तेथे फ्लॅशने मेमकॉपी मागविले होते. चूक जुनीच होती. सेवकाच्या सवयीने ती आजवर झाकून ठेवली होती, इतकेच.

त्यावरून वाद पेटला. लायब्ररी सांभाळणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते: आम्ही शब्द मोडलेला नाही, ज्याने मोडला त्याने आपले घर दुरुस्त करावे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्झ यांनी उलट बाजू घेतली. काल जे चालत होते ते आज बिघडले; ज्याचे बिघडले त्या माणसाला प्रमाणग्रंथातील कलम दाखवून काय उपयोग, असा त्यांचा रोख होता. मेमकॉपीलाही मेममूव्हसारखेच सावध करून टाकावे, असे त्यांनी सुचविले.

या सर्व प्रकरणात आम्हांस अधिक बोचते ते हे, की दंड तिसऱ्यालाच झाला. गाणे ऐकावयास बसलेल्या त्या माणसाने फ्लॅश लिहिले नव्हते आणि मेमकॉपीही लिहिले नव्हते. फ्लॅशचा मूळ मजकूर कंपनीच्या कुलपात असल्यामुळे तो दुरुस्त करणेही त्याच्या हाती नव्हते. शास्त्रापेक्षा रूढी बलवत्तर, असे आपल्याकडे म्हणत आले आहेत. त्याचे कारण आमच्या समजुतीने असे, की लोक आपला संसार प्रत्यक्षात रूढीच्या भरवशावर मांडून बसलेले असतात. वर्षानुवर्षे एकाच रीतीने वागणारा सेवक न बोलताही काहीतरी कबूल करीत असतो, आणि ती रीत एका रात्रीत बदलताना ‘मी असे कधी म्हटले होते?’ हे त्याचे उत्तर खरे असले तरी पुरेसे नव्हे.

तथापि रूढीपुढे असे नमत गेल्यास शेवट कोठे होतो, तेही पाहिले पाहिजे. इंटरनेटच्या आद्य रचनाकारांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८० साली एक दंडक घालून दिला: आपण पाठविताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार. पुढे आलेल्या ब्राउझरांनी हे औदार्य असे काही अंगी बाणविले, की वेड्यावाकड्या एचटीएमएलची पानेही ते समजून घेऊन दाखवू लागले. मग प्रत्येकाची समजूत निराळी पडू लागली, आणि एचटीएमएल ५ च्या प्रमाणग्रंथात चुकलेला मजकूर कसा वाचावा याचेही तपशीलवार नियम घालावे लागले. चुकीलाही शास्त्र लाभले!

याहून मोठा धोका आम्हांस दुसराच वाटतो. जोएल स्पोल्स्की यांनी एक हकीकत लिहून ठेवली आहे. सिमसिटी हा खेळ एकदा परत केलेली मेमरी पुन्हा वाचीत असे. विंडोजच्या जुन्या आवृत्तीवर ते खपून जाई, विंडोज ९५ च्या चाचणीत ते खपेना. तेव्हा मायक्रोसॉफ्टने मेमरी वाटणाऱ्या यंत्रणेतच अशी तजवीज केली, की सिमसिटी चालू असल्याचे दिसताच परत आलेली मेमरी लगेच मोकळी करू नये. खेळणाऱ्यांचे भले झाले, यात शंका नाही. परंतु हे तोंड पाहून टिळा लावणे झाले. सिमसिटी लोकप्रिय होता. हीच चूक एखाद्या अनोळखी हौशी माणसाच्या प्रोग्रामात असती, तर त्याच्यासाठी कोणी इतके वाकले असते काय? वाढप्याने मानकऱ्याच्या पानावर तूप अधिक सोडावे, त्यातलाच हा पंक्तिप्रपंच.

जीलिबसीने २०११ साली २.१४ या आवृत्तीत काढलेला मार्ग आम्हांस पसंत पडतो तो यासाठीच. पूर्वीच बांधून तयार झालेल्या प्रोग्रामाने मेमकॉपी मागितले, की त्याला मेममूव्हसारखे सावध फंक्शन मिळावे. नव्याने बांधल्या जाणाऱ्यास लेखी शब्दाप्रमाणे वागणारे नवे मिळावे, अशी ती व्यवस्था. तेथे फ्लॅशचे नाव कोणी विचारीत नाही. केव्हा बांधला गेला, एवढेच पाहतात. मग तो मोठ्या कंपनीचा असो की कोणा विद्यार्थ्याचा.

तरीही आमचे पूर्ण समाधान झालेले नाही. तोच सदोष प्रोग्राम कोणी निष्काळजीपणे पुन्हा बांधला, की डोक्यावरचे हे छत्र न सांगता निघून जाते. व्हॅलग्रिंड नावाचे साधन अशा जागा दाखवून देते खरे, पण ते चालविण्याची बुद्धी व्हावयास हवी. आणि ज्या फ्लॅशपायी हा सारा खटाटोप झाला, त्याचा आधार अ‍ॅडोबीने २०२० च्या अखेरीस काढून घेतला. जुन्या पाहुण्यांसाठी राखलेले ते मेमकॉपी मात्र जीलिबसीत अद्याप आपल्या जागी आहे.