पाचवं कारण

1 जुलै 2023. रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा इथे खांबाला आणि दुभाजकाला धडकली, डाव्या कुशीवर उलटली आणि पेटली. बसचं दार डावीकडेच, ते खाली दबलं. काचा फोडून काही जण बाहेर पडू शकले. 25 प्रवासी गेले.

काही दिवसांतच त्या जागी महामृत्युंजय यंत्राची पूजा झाली. यंत्रामुळे आसपासच्या टापूत अपघात टळतील, असा दावा होता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हरकत घेतली आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. वाद श्रद्धा विरुद्ध विज्ञान या ठरलेल्या वळणाने गेला. पण ‘वेळच आली होती हो’ असं यंत्रावर हसणारी माणसंही तेराव्याला बोलतातच. मग अपघातात दैवाचा वाटा धरायचा तरी किती?

गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाला भिडणारी एक यादीच आहे. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि दैव. अधिष्ठानाचा अर्थ भाष्यकार देह असा करतात. महामार्गापुरता तिथे रस्ता धरला, तर ही यादी अपघाताच्या पंचनाम्याला चपखल बसते. दैव तिथे आहे, नाकारलेलं नाही. पण त्याच्याआधी चार नावं आहेत आणि आपण पंचनामा पाचव्यापासून सुरू करतो.

गाडी उलटते त्यात साधनाचा भाग मोजता येतो. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा आकडा घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. अमेरिकेतल्या वाहनसुरक्षा यंत्रणेच्या हिशेबात साध्या कारसाठी हे गुणोत्तर साधारण 1.3 ते 1.5 येतं, उंच एसयूव्हीसाठी 1 ते 1.3. आकडा जितका कमी, तितकी गाडी लवकर कलंडणार. टपावरच्या कॅरिअरला बॅगा बांधल्या की गुरुत्वमध्य वर चढतो आणि आकडा आणखी घसरतो.

तरीही सपाट डांबरावर गाडी आपसूक सहसा उलटत नाही. आधी ती आडवी घसरते, मग चाक कुठेतरी अडतं: दुभाजकाच्या कडेला, खड्ड्यात, साइडपट्टीच्या भुसभुशीत मातीत. हालचालींचं कारण इथे येतं. चालकाला डुलकी लागते, डावी चाकं डांबरावरून उतरतात, खडखडाटाने तो दचकतो आणि स्टिअरिंग गर्रकन उजवीकडे ओढतो. चाक एकदम डांबरावर चढतं, गाडीचा मागचा भाग फिरतो आणि वेगात गाडी आडवी होते. पुष्कळदा घात डुलकीने होत नाही, त्या हिसक्याने होतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, जोरात ब्रेक दाबायचा नाही आणि वेग उतरल्यावर गाडी हळूच रस्त्यावर घ्यायची. ऐकायला सोपं, पण घाबरलेल्या हाताला अवघड. सीटबेल्ट नसेल तर उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते.

त्याच अध्यायात पुढे आणखी एक टोचणी आहे: पाच कारणं असताना जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. हे दैववाद्याला नसून ‘आपला हात बसलाय, एकशेचाळीसला पण गाडी हलत नाही’ म्हणणाऱ्याला आहे. टायरमधली हवा, पुढच्या ट्रकचा बंद टेललाइट, पहाटे तीनची झोप, यांतलं काहीही त्याच्या हाताच्या सरावाला विचारून येत नाही. सगळा दोष एकट्या चालकावर टाकून फाइल मिटवणारी व्यवस्थाही तीच चूक करते, फक्त दुसऱ्या बाजूने.

आणि दैवाचा वाटा कायमचा ठरलेला नसतो. ओल्या वळणावर गाडी घसरणं एकेकाळी नशिबाच्या खात्यात जात असे. आता स्थिरता-नियंत्रण यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सावरते. अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून सर्व हलक्या वाहनांना ती सक्तीची आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 पासून ‘झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ मोहिमेत धोक्याच्या जागा शोधून कठडे दुरुस्त झाले, कडेचे अडथळे झाकले गेले, वेगावर नजर ठेवली गेली. 2016 च्या तुलनेत 2020 मध्ये मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 2020 टाळेबंदीचं वर्ष होतं हे धरलं, तरी उतार त्याआधीच सुरू झाला होता.

यातून श्रद्धेला धक्का लागतो असं नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधणारा माणूस टायरची हवाही तपासू शकतो. पिंपळखुट्याला मात्र दुसरं दार किंवा सहज उघडणारी खिडकी असती, तर त्या रात्री पाचव्या कारणाकडे किती जण उरले असते, हा हिशेब यंत्राची पूजा करणाऱ्यांनीही मांडला नाही आणि त्यांच्यावर हसणाऱ्यांनीही.