घोरपड थोर कीं शेवाळ ?

इंडोनेशियांतील कोमोडो व आसपासच्या कांहीं बेटांवर आपल्या घोरपडीच्या कुळांतला एक महाकाय प्राणी राहतो. त्याची लांबी १० फुटांपर्यंत भरते. हरणासारखें जनावर तो सहज लोळवितो. तिकडे तिबेटच्या पठारावर, १३,००० फुटांच्याहि वर, ताकाकिया नांवाचें बोटाच्या पेराएवढेंहि उंच नसलेलें शेवाळ खडकांना बिलगून असतें. दोघांचेहि वंश आज संकटांत आहेत. २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें या घोरपडीची गणना धोक्यांतील जातींत केली. आणि सुमारें ३९ कोटि वर्षांचा वारसा सांगणारें हें शेवाळ तिबेटांत दरसाल दीड टक्क्याहून अधिक घटत असल्याचें २०२३ सालच्या एका संशोधनांत दिसून आलें.

एकालाच वांचवितां येत असेल तर कोणाला वांचवावें ? बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें. आणि कारण विचारल्यास, घोरपडीला वेदना होते, शेवाळाला होत नाहीं, असें ते सांगतात. कारण वजनदार खरें. पण तें येथें लागू पडतें काय? वेदना व्यक्तीला होते, जातीला नाहीं. शेवटची घोरपड वार्धक्यानें शांतपणें मेली, तर जगांतील दुःखांत तिळभरहि भर पडणार नाहीं. तरीहि मोठी हानि झाली असें आपण म्हणूंच. ती हानि कसली ? पुन्हां घडवितां न येणारी एक जीवनरीति कायमची संपली, ही. मग हाच न्याय शेवाळाला कां लावूं नये ?

अर्थात् घोरपड ठेंचणें व शेवाळ खरवडणें हीं कृत्यें सारखीं नव्हेत. भूतदयेच्या दरबारांत घोरपडीचा अधिकार मोठाच आहे. परंतु वंशाचें रक्षण हें दयाळूचें नव्हे, विश्वस्ताचें कर्तव्य होय. आणि विश्वस्तानें ठेवींपैकीं देखण्या तेवढ्याच सांभाळून चालत नाहीं.

कोणी म्हणेल, घोरपड पाहावयास प्रवासी येतात, द्रव्य मिळतें. शेवाळासाठीं कोण येणार? खरें आहे. १९८० सालीं कोमोडो राष्ट्रीय उद्यान झालें, तसें शेवाळाचें होणें कठीण. पण उद्यानाचा पहारा शिकाऱ्याला अडवितो, उष्म्याला नाहीं. समुद्र चढून बेटांची सखल भूमि बुडण्याचें भय आणि पठार तापून शेवाळाचें ठाणें उठणें, या दोहोंच्या मुळाशीं आपण जाळलेला कोळसा व तेलच आहे. म्हणून निवडीचा हा प्रश्न पुष्कळ अंशीं पोकळ ठरतो. दोघांना तारणारा उपाय एकच, आणि तो आपल्या राहणीला चिमटा घेणारा आहे. थोर कोण, याचा वाद घालीत बसणें त्याहून पुष्कळ सोपें !