ही हालचाल कुणाची?

फोटो हलला की आपण तो डिलीट करतो. काही वन्यजीव छायाचित्रकार मात्र तो मुद्दाम हलवतात. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाऐवजी पंधराव्या भागाएवढा वेळ उघडं ठेवायचं आणि पक्ष्याच्या वेगाने कॅमेरा फिरवत न्यायचा. जमलं तर डोळा आणि चोच बऱ्यापैकी स्पष्ट राहतात, पंख विरघळतात, मागच्या झाडांच्या रेघा होतात. याला पॅनिंग म्हणतात. छावणीतल्या जुन्या झाडांवरून झेपावणाऱ्या घारीवरही त्याचा सराव करता येतो.

साधा हिशेब करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारा पक्षी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात जेमतेम 8 मिलिमीटर सरकतो, पंधराव्या भागात मीटरभराहून जास्त. पहिल्या फोटोत पक्षी आहे, दुसऱ्यात उड्डाण. यातला खरा कुठला?

1878 साली एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात दाखवून दिलं, की धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात. डोळ्याला कधीच न पकडता आलेली गोष्ट कॅमेऱ्याने पकडली. शिल्पकार रोदँचं म्हणणं याच्या उलट होतं: काळ कधी थांबतच नाही, त्यामुळे थांबवलेला क्षण दाखवणारा फोटोच खोटा. मला दोघांचंही पटतं. पक्षी कुठल्या जातीचा, त्याच्या पायात कडी आहे का, हे धूसर फोटो सांगू शकत नाही. आणि उडणं म्हणजे काय, हे गोठलेले पंख सांगू शकत नाहीत.

म्हणून खरं-खोट्याचा प्रश्न मला फार अवघड वाटत नाही. अवघड प्रश्न वेगळा आहे: फोटोतली हालचाल आली कुठून?

पैठणजवळच्या नाथसागराला 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे रोहित येतात. रोहित उथळ पाण्यात मान खाली घालून चरत असतो, तेव्हा फोटोत विशेष काही घडत नाही. उडायचं ठरलं की तो आधी पाण्यावर धावतो, मग पंख उघडतात आणि आतली लाली दिसते. सगळ्यांना तोच फोटो हवा असतो. मग मोह होतो: नाव जरा पुढे घ्या, एक टाळी वाजवा. आपल्याला फोटो मिळतो; पक्ष्याचं चरणं मोडतं आणि साठवलेली ताकद खर्च होते.

इथे धूसरपणा जास्त धोकादायक ठरतो. स्पष्ट फोटोत भीती निदान दिसू शकते. धूसर फोटोत तिचं सौंदर्य होतं. अर्न्स्ट हासने 1956 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे बैलझुंजीचे असे रंगीत फोटो काढले. ते विलक्षण आहेत, पण बैलाची वेदना त्या रंगांत कुठे गेली ते कळत नाही.

कुणी म्हणेल, चौकट तीच असेल तर फरक काय पडतो? 2009 सालच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. तो लांडगा शिकवलेला असावा, असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकाराने ते नाकारलं, तरी बक्षीस काढून घेतलं गेलं. आक्षेप फोटोत काही बदलल्याचा नव्हता. तो फोटोच्या आधी काय घडलं याबद्दल होता.

आता सॉफ्टवेअर बसलेल्या बगळ्यामागेही वेगाच्या रेघा ओढून देतं. मी कोड लिहून पोट भरतो, मला ती करामत आवडते. त्यात बगळा घाबरत तरी नाही. पण त्या रेघा कुठल्याही काळाची नोंद नसतात.

पॅनिंगमधली रेघ ही पक्ष्याने घालवलेल्या वेळेची नोंद असते. तो वेळ त्याने स्वतःच्या गरजेने घालवलेला असावा, एवढी एकच अट मला महत्त्वाची वाटते. ती पाळायची तर वाट पाहावी लागते. रोहित उडाले नाहीत, तर चरणाऱ्या रोहितांचा फोटो घेऊन परत यायचं.