आतला दोरा

टॅटिंगसाठी दोरा घेताना नवशिकी बाई आधी रंग पाहते, मुरलेली बाई आधी पीळ पाहते. हा फरक अनुभवाचा आहेच, पण त्यात एक नैतिक प्रश्नही दडला आहे असं मला वाटतं. जे दिसणार नाही, ते कितपत चांगलं असायला हवं?

त्यासाठी ही लेस कशी होते ते थोडं सांगायला हवं. होडीच्या आकाराच्या, मुठीत मावणाऱ्या धोट्यावर एक दोरा गुंडाळलेला असतो. दुसरा दोरा डाव्या हाताच्या बोटांवर ताणून धरायचा आणि धोटा त्याच्या खालून-वरून न्यायचा. वेढा पडतो तो धोट्याच्या दोऱ्याचा. पण लगेच डावी बोटं सैल सोडून धोटा खेचला, की गाठ पलटते. वेढा घेणारा दोरा सरळ होतो आणि हातावरचा दोरा त्याच्याभोवती वळतो. शिकणारीचे सुरुवातीचे तास या एका पलटीत जातात. ती साधली नाही तर गाठ जागच्या जागी आवळते, पुढे सरकत नाही.

आता दोन रंग घ्या. धोट्यावर लाल, हातावर पांढरा. कमान विणली, की ती पांढरी दिसते. सगळी धावपळ केली लाल दोऱ्याने, पण तो आत सरळ पडून राहतो, एकेक गाठ स्वतःवर ओवून घेतो आणि कमानीला वळण देतो.

मग आत कोणताही दोरा चालेल? चालेल, असं म्हणणाऱ्या बायकांकडे चांगलं कारण असतं. उरलेली रिळं संपवायची असतात, महागाचा दोरा दिसेल तिथेच वापरायचा असतो. ही काटकसर आहे आणि तिच्यात खोटं काही नाही. आतल्या दोऱ्याला सुंदर असण्याची सक्ती करू नये. पण कमकुवत असण्याची मुभाही त्याला देता येत नाही, कारण खेच त्यालाच बसते. दोऱ्याचे आकडे 10, 20, 40, 80 असे चढतात तसा दोरा बारीक होत जातो. सहा पदरी, घट्ट पिळाचं मर्सराइज्ड सूत खेच सोसतं. दोन पदरी पर्ल सुताची झळाळी मोहात पाडते, पण त्याचा पीळ सैल, गाठी सरकवता सरकवता त्याचे पदर फुटू लागतात. क्रोशाचं काम टोक ओढलं की भराभर उसवतं. इथे एकेक गाठ सुईच्या टोकाने सोडवावी लागते. म्हणून निवड आधी करायची, आणि जपून करायची.

रंगाचंही तसंच. आतला लाल कच्चा असेल तर पहिल्याच धुण्यात पांढऱ्या कमानीवर गुलाबी डाग उमटतात. विणण्याआधी दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा, तो एवढ्यासाठी. वरून कीर्तन, आतून तमाशा हे लेसमध्ये फार दिवस चालत नाही.

पण एवढ्यावर थांबलं तर ही नीती केवळ उघडं पडण्याच्या भीतीवर उभी राहते. समजा, आतला दोरा मजबूत आहे, रंग पक्का आहे, काहीच उघड होणार नाही. तरी एक प्रश्न उरतोच. ज्याने भार वाहिला त्याचं आपण काही देणं लागतो का?

या कलेला फ्रेंचमध्ये ‘फ्रिव्होलिते’ म्हणतात, म्हणजे थिल्लरपणा. इटालियन नावाचा धागा गप्पाटप्पांशी जुळतो. नावातच हिशेब लागला आहे: बायका गप्पा मारता मारता करतात ते काम, म्हणजे काम नव्हेच. आंध्रातल्या नरसापूरची लेस क्रोशाची, टॅटिंगची नव्हे, पण हिशेब तोच. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचं तिथल्या लेसकरणींवरचं पुस्तक 1982 साली आलं. परदेशी बाजारासाठी तासन् तास राबणाऱ्या या बाया घरबसल्या गृहिणी समजल्या जात आणि त्यांचं काम फावल्या वेळचं, हे त्यांनी दाखवून दिलं. लेस दिसत होती, व्यापारीही दिसत होते. सगळं ज्यांच्यावर ओवलेलं होतं, त्या बाया मात्र दिसत नव्हत्या.

टॅटिंगमध्ये आतला दोरा एकाच जागी हमखास डोकावतो, सांध्यावर. आधीच्या कडीला ठेवलेल्या फासातून, म्हणजे पिकोतून (साडीच्या फॉल-पिकोतला पिको हाच शब्द), धोट्याचा दोरा वर ओढून कमान जोडली, की तिथे लाल ठिपका दिसतो. कमान दुसऱ्या कशाला जोडायची वेळ येते, तेव्हाच ती कशावर उभी आहे ते कळतं. हा ठिपका दोष मानून तो झाकण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत, आणि त्या हुशारीच्या आहेत. मी त्या वापरत नाही. म्हणूनच आतला रंग निवडताना मी तो दिसणार आहे असं धरून चालते. पांढऱ्याशेजारी तो शोभेल का, हे तेव्हाच विचारून घेते.

ठिपका राहू दिला म्हणून कुणाला न्याय मिळत नाही, हे मला कळतं. नरसापूरच्या बाईची मजुरी माझ्या रुमालाच्या कडेने वाढणार नाही. पण लेस विकत घेताना आपण नक्षी पाहतो, रंग पाहतो आणि मग भाव पाडतो. त्या क्षणी नजर सांध्यावर गेली, तर भाव पाडणारा हात निदान अडखळेल. तेवढं अडखळणं मला हवं आहे.