भिंतीच्या आतील ओल

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या वाळूच्या टेकड्यांत झाडे जवळजवळ नाहीत. तेथे वस्तीस गेलेल्या शेतकऱ्यांनी, गवत दाबून गासड्या बांधणारे यंत्र हाती येताच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या गासड्याच विटांप्रमाणे रचून घरे उभारली. वाचकांस हा पोरखेळ वाटेल. परंतु आर्थर या गावी १९२८ साली अशाच पेंढ्याच्या गासड्यांनी बांधलेले ख्रिस्ती प्रार्थनामंदिर अद्याप उभे आहे. उलट, त्याच राज्यातील गिलावा न केलेली एक शाळा गुरांनी खाऊन टाकल्याची १९०२ सालची नोंद आहे! पेंढ्यास आयुष्य लाभते ते लिंपणामुळे.

आज अनेक देशांत लोक अशी घरे स्वहस्ते बांधतात, आणि हिवाळा तोंडावर आला म्हणजे त्यांच्यापुढे एक नैतिक पेच उभा राहतो. छपराचा भार घेणारी गासड्यांची भिंत काही आठवडे खाली दबत राहते. ती स्थिरावण्यापूर्वी गिलावा केल्यास तडे जातात. ओला गिलावा गोठला, तर तोही वाया जातो. भिंत म्हणते, थांब; थंडी म्हणते, आटप. अशात अवकाळी पाऊस येऊन काही गासड्या भिजतात. पेंढ्यातील ओलावा वजनाच्या शेकडा वीसच्या वर राहिला, की तो आतून कुजू लागतो. माती वा चुना थोडीफार वाफ बाहेर सोडतो. सिमेंट तर ती आतच कोंडते. भिजलेली गासडी काढावयास हवी, हे बांधणारा जाणतो. पण वर गिलावा चढवला, तर कोणास दिसणार?

घर त्याचेच, मग फसवणूक कोणाची, असे कोणी विचारील. मला हा युक्तिवाद पटत नाही. त्या भिंतीशेजारी निजणाऱ्या लेकरास कोणी विचारलेले नसते, आणि पुढे घर विकत घेणाऱ्यास केवळ गुळगुळीत चुनाच दिसतो.

तथापि, मुले तंबूत कुडकुडत असता घाई करणाऱ्या बापास दोष देणे जड जाते. ती घाई लोभाची नव्हे, मायेची आहे. पण माया वाऱ्यापासून आडोसा मागते. गुळगुळीत भिंत मागत नाही. भिंतीवर बाहेरून ताडपत्री सोडून, शेगडी उघड्या पेंढ्यापासून दूर ठेवून, हिवाळा काढता येतो. पाहुण्यास पेंढा दिसेल, एवढेच. थंडीच्या भयापेक्षा या लाजेपायीच ओली गासडी झाकली जात असावी, असा मला दाट संशय आहे.

कोरड्या भिंती थंडीपूर्वी लिंपाव्या. संशयाची भिंत तशीच आडोशाखाली ठेवावी. वसंतात तिच्यात हात घालून पाहावा. गासडी काळवंडली असेल तर काढून नवी बसवावी, आणि मग चुना कालवावा.