अंदाज चुकला, की मोजायचे टाळले?



पावसाळा जवळ आला की आपल्या धर्मग्रामात घरोघरी डागडुजी सुरू होते. कोणी पत्रे बदलतो, कोणी गळती बुजवतो, तर कोणी पोटमाळा घालतो. बुवापाड्यात लहानशा खोल्यांतून पाच-सहा माणसांचे संसार चालतात. जमिनीवर जागा वाढत नाही, म्हणून घर वर वाढते. आधी माळ्यावर गोधड्या आणि ट्रंका जातात, मग मुले मोठी झाली की त्यांची अंथरुणेही वर जातात.

अशाच एका माळ्याची हकिकत आज सांगायची आहे. त्यात गुंतलेल्या दोन्ही कुटुंबांची परवानगी आम्ही घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. या प्रकरणात थोडा दोष आमचाही आहे.

चाळीतले टोकाचे घर. आतली खोली ९ फूट लांब आणि ७ फूट रुंद. एका लांब बाजूची भिंत त्यांची स्वतःची, ९ इंच जाडीची. समोरची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, साडेचार इंची. घराच्या आशीर्वादासाठी आम्ही गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर घरमालकांनी वर बोट दाखवून विचारले, “फादर, तुम्ही शिकलेले आहात. इथे माळा घालायचा आहे. प्लायवूडच्या शीट किती लागतील?”

आम्ही उभ्या उभ्या हिशेब केला. ९ गुणिले ७ म्हणजे ६३ चौरस फूट. शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ३२ चौरस फूट. दोन शीटचे ६४ झाले. “दोन पुरतील, वर एक फूट उरेल,” असे सांगितले, चहा घेतला आणि निघालो.

खोली प्रत्यक्षात ९ फूट १ इंच आणि ७ फूट १ इंच निघाली. म्हणजे ६४.३ चौरस फूट. एकेका इंचाने आमचा हिशेब मोडला. शीट कापून झाल्यावर हे ध्यानात आले. तिसरी शीट आणायची तर मुलीच्या वह्या-पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला.

एवढ्यावर भागले असते तरी बरे झाले असते. तुळया टेकवण्यासाठी सामाईक भिंतीत खाचा पाडल्या गेल्या. साडेचार इंची भिंत ती! तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरात प्लास्टरचा मोठा पापुद्रा खाली आला. तो पडला तिथे रोज दुपारी त्या घरातील आजी झोपतात. त्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. दोन्ही कुटुंबे आपल्याच चर्चमध्ये येतात. त्या दिवसापासून ती वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर बसू लागली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा घरमालक म्हणाले, “अंदाज चुकला, फादर. माणूस आहे, चुकणारच.” शेजारच्या ताई म्हणाल्या, “अंदाज त्यांचा चुकला आणि भिंत आमची पडली.”

दोघांचेही म्हणणे ऐकून आम्ही घरी आलो. पण मनात एक प्रश्न राहिला. अंदाज चुकणे ही नुसती चूक आहे, की त्यात अपराधही असू शकतो?

ख्रिस्ती नीतिशास्त्राने या प्रश्नाचा फार पूर्वीपासून विचार केला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात अज्ञानाविषयी एक स्वतंत्र प्रश्नच घेतला आहे. त्यांच्या विवेचनाचा सारांश सोप्या शब्दांत असा : जे कळण्याचा काही मार्गच नव्हता, ते न कळल्याबद्दल माणूस दोषी ठरत नाही. पण जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते आणि जाणून घेता येत होते, ते आळसाने किंवा बेफिकिरीने जाणून घेतले नाही, तर ते अज्ञान हाच दोष ठरतो. पहिले अज्ञान अटळ, दुसरे टाळता येण्यासारखे. तिसराही एक प्रकार आहे, आणि तो सर्वात वाईट. कळले तर अडचण होईल, म्हणून माणूस मुद्दामच विचारत नाही.

आपल्या भागातील एका अनुभवावरून हा फरक चांगला समजेल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पुरात उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या कितीतरी घरांत पाणी शिरले. शाळेचे दाखले, रेशनकार्डे, लग्नाचे फोटो भिजून गेले. ती कागदपत्रे खालच्या कपाटात ठेवली म्हणून त्या दिवशी कोणी कोणाला दोष दिला नाही. एवढा पाऊस होईल, हे कोणाच्या मनात आले असते? पण त्यानंतर जो पुन्हा त्याच कपाटात, त्याच खालच्या कप्प्यात कागदपत्रे ठेवतो, त्याला तसे म्हणता येणार नाही. पाऊस तोच, कपाट तेच. फरक एवढाच की आता आपल्याला माहीत आहे. ज्ञान वाढले की जबाबदारीही वाढते.

आता माळ्याकडे वळू. तिथे अटळ अज्ञान कोणते होते आणि टाळता येण्यासारखे कोणते? आम्ही पुढे एका अनुभवी सुतारकाकांबरोबर तीच खोली पुन्हा मोजली. तेव्हा जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, भिंत एकाच जागी मोजायची नसते. दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी मोजायची आणि मोठे माप धरायचे. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापे घ्यायची. दोन्ही तिरकी मापे सारखी आली नाहीत तर खोली काटकोनात नाही. आमच्या चुकलेल्या इंचाला अटळ अज्ञान म्हणता येणार नाही. टेप भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती.

दुसरी गोष्ट, क्षेत्रफळाने शीट मोजायच्या नसतात. कागदावर शीट मांडून पाहायची असते. चार-चार फूट रुंदीच्या दोन शीट शेजारी ठेवल्या की ८ फूट भरतात. प्रत्येकीचे ७ फूट लागतात आणि एक फुटाची पट्टी उरते. त्या दोन पट्ट्यांनी शेवटचा एक फूट भरायचा. हे कागदावर जमते, पण करवतही थोडे लाकूड खाते. मांडणी आधी काढली असती तर सुमारे दोन इंच कमी पडतात हे कापण्यापूर्वीच दिसले असते आणि भिंतीकडेला लाकडी पट्टी लावून दोन शीटमध्ये काम भागले असते.

तिसरी गोष्ट, तुळया. दर २ फुटांवर एक तुळई घ्यायची तर ९ फुटांत किती? आम्ही म्हटले, साडेचार, म्हणजे पाच. सुतारकाका हसले. त्यांनी बोटे उघडून दाखवली : बोटे पाच, पण मधल्या जागा चारच. तसेच, मधली अंतरे पाच असतील तर तुळया सहा लागतात. ०, २, ४, ६, ८ आणि ९ फुटांवर. शिवाय शीटचे सांधे ४ आणि ८ फुटांवर येतात, ते अधांतरी राहता कामा नयेत. ते तुळईवरच यायला हवेत आणि दोन्ही शीटच्या कडा टेकतील एवढी ती तुळई रुंद हवी. दर फुटाला एक स्क्रू धरला तर ७ फुटांच्या तुळईवर ८ स्क्रू. सहा तुळयांचे ४८, आणि दोन सांध्यांवर दुसरी ओळ म्हणून आणखी १६. एकूण ६४. मोजले तर स्क्रूसुद्धा मोजता येतात.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि ती कोणीच मोजली नव्हती : भार. राहत्या घराच्या खोलीसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरतात. माळ्यावर मुले झोपणार असतील तर ती खोलीच झाली. आपला माळा ६३ चौरस फुटांचा, म्हणजे जवळजवळ ५.८५ चौरस मीटर. भार झाला सुमारे १,१७० किलो. तुळया दोन भिंतींवर टेकणार, म्हणजे त्यातला अर्धा, सुमारे ५८५ किलो, शेजारच्या आजींच्या उशाशी असलेल्या साडेचार इंची भिंतीवर!

हा आकडा ऐकून घरमालक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “फादर, ती भिंत पातळ आहे हे मला माहीत होते. शेजाऱ्यांना विचारले तर ते नाही म्हणतील, म्हणून विचारले नाही.”

बंधू-भगिनींनो, हा कबुलीजबाब त्यांनी स्वतःहून दिला आणि तो इथे छापायलाही सांगितले. त्यांच्या धैर्याचे आम्हाला कौतुक वाटते. संत थॉमस यांचा तिसरा प्रकार यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही. आणि आम्ही? आम्ही तर न मोजताच उत्तर दिले. शिकलेल्या माणसाने “मोजून सांगतो” म्हणायला हवे होते. ‘फादर म्हणाले’ या शब्दाला किती वजन असते, याचा अंदाज आम्ही घेतला नाही.

कोणी म्हणेल, मग काय, केसभरही चूक होऊ द्यायची नाही? तसे नाही. ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात सांगतो की काटकोन सुतारालाही हवा असतो आणि भूमितिज्ञालाही, पण सुताराला तो कामापुरता नेमका हवा असतो. अंदाज हा अंदाजच राहणार. म्हणून शहाणा माणूस थोडा जास्तीचा माल धरतो, थोडी जास्त मजबुती धरतो. आपले ज्ञान अपुरे आहे, याची ती प्रामाणिक कबुली असते. ज्याने मोजले आणि तरीही चुकला, त्याला क्षमा मागताना मान खाली घालावी लागत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात (१४ : २८-३०) बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब केला नाही तर काम अर्धवट राहून हसे होते, असे प्रभू येशू सांगतो. त्यात नुकसान बांधणाऱ्याचे आहे. पण जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात (२२ : ८) आणखी एक नियम आहे, तो आपल्या फारसा वाचनात येत नाही. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी खाली पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. इथे विचार पडणाऱ्याचा आहे. कठड्याचा खर्च आपल्या हिशेबात धरायचा, कारण पडणारा माणूस दुसराच असतो. माळ्याच्या बाबतीतही तेच. कमी पडलेल्या शीटचे नुकसान आपले. कमी पडलेल्या भिंतीचे नुकसान पलीकडे झोपणाऱ्याचे. म्हणून पैशांच्या अंदाजात थोडी ढिलाई चालेल, पण दुसऱ्याच्या जिवाच्या अंदाजात नाही.

आता त्या घरी काय झाले ते सांगतो. सामाईक भिंतीतल्या खाचा बुजवल्या. जाणकार माणसाला दाखवून भिंतीच्या अलीकडे लोखंडी खांब उभे केले आणि त्यांवर ९ फुटांची आडवी तुळई टाकली. आता माळ्याचा भार आपल्याच घरात उतरतो. माळ्याला कठडा लावला. पलीकडचे प्लास्टर घरमालकांनी स्वतः उभे राहून करून दिले. तिसऱ्या शीटचे पैसे आम्ही देऊ केले. त्यांनी आधी नको म्हटले, मग मुलीच्या पुस्तकांसाठी म्हणून घेतले. आम्ही दोन्ही घरी जाऊन आमच्या वाट्याची माफी मागितली.

दोन्ही घरांचे बोलणे पूर्वीसारखे झाले आहे, असे मात्र सांगता येणार नाही. गेल्या रविवारी मिस्सानंतर आजींनी त्या मुलीला जवळ बोलावून विचारले, “माळ्यावर गरम होत नाही ना गं?” एवढेच.

यंदा ज्यांना माळा घालायचा आहे त्यांना आमची विनंती आहे. टेप घ्या, तीन ठिकाणी मोजा, कागदावर मांडा, भाराविषयी जाणकाराला विचारा. आणि पहिली खाच पाडण्यापूर्वी शेजाऱ्याचे दार वाजवा. ते नाही म्हणतील अशी भीती वाटत असेल, तर आधी त्यांच्याचकडे जा.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू