आधी टेप, मग तक्रार

उभा राहा. फोनवर असलास तरी उभा राहा. आता जे सांगणार आहे ते लोळत ऐकायचं नाही.

नाशिकच्या रथचक्र चौकाच्या आतल्या बाजूला जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतलास, चांगलं केलंस. बेडरूमच्या भिंतीतल्या कोनाड्याचे कडप्पे फोडून तिथे तयार वॉर्डरोब बसवायचं ठरवलंस, त्यालाही माझी हरकत नाही. ऑनलाइन ऑर्डर दिलीस, खोकी आली, फिटिंगवाला आला आणि मान हलवत निघून गेला. कपाट आत जाईना. आता तू मला सांगतोस, "सर, कंपनीने फसवलं."

कंपनीने 1200 मिलिमीटर रुंदीचं कपाट विकलं आणि 1200 चंच पाठवलं. मग फसवलं कोणी? कोनाडा किती रुंद आहे असं विचारल्यावर तू काय म्हणालास? "चार फूट." कशावरून? "बिल्डरच्या प्लॅनवर लिहिलंय." म्हणजे कपाटाला हजारो रुपये मोजलेस आणि कोनाडा मोजायला तुला वेळ मिळाला नाही!

लाज याची वाटते की तू अंबडला सीएनसीवर काम करतोस. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. बोअर दोन शतांश मिलिमीटरने मोठं झालं की जॉब रिजेक्ट होतो आणि सुपरवायझर सगळ्या शॉपसमोर तुझी शोभा करतो, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या घरापासून सातपूर काही लांब नाही. तिथे मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनाचे नोझल बनतात आणि हिशोब मायक्रॉनमध्ये चालतो. ओझरला एचएएलमध्ये विमानं जोडतात. अशा गावात राहणारा, मापावर पोट भरणारा माणूस स्वतःच्या घरात शिरला की हाताच्या वितीने काम भागवतो? कारखान्यात मालक बघतो म्हणून मोजायचं आणि घरी कोणी बघत नाही म्हणून अंदाज ठोकायचा, असंच ना? याला मी कौशल्य म्हणत नाही. ही नुसती धाकाखालची हमाली झाली.

आता हिशोब ऐक. चार फूट म्हणजे 1200 मिलिमीटर नव्हे. एक फूट 304.8 मिलिमीटरचा, म्हणजे चार फूट 1219 मिलिमीटर आणि वर थोडे. तू मनात म्हणालास, "चला, 19 मिलिमीटर मोकळे राहतील." इथेच घोडं पेंड खातं. प्लॅनवरचं माप बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंतचं असतं. त्यावर प्लास्टर चढतं, एका बाजूला 12 ते 15 मिलिमीटर. दोन्ही बाजू धरल्या तर 1219 मधून 24 ते 30 गेले. राहिले जेमतेम 1190. त्यावर आधीच्या मालकाने पीओपी ओढलेलं. खाली दोन्ही बाजूंना स्कर्टिंगची फरशी, एकेक सेंटिमीटर पुढे आलेली. म्हणजे जमिनीलगत तुझा कोनाडा 1170 च्याही आत. त्यात 1200 चा डबा कोणत्या गणिताने बसणार होता?

"पण सर, भिंतच वाकडी आहे." हे वाक्य तू मला दोनदा ऐकवलंस. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण शाळेत तूही पाठ केली आहेस. फरक इतकाच की इथे अंगण खरोखर वाकडं आहे. गवंड्याच्या हातची भिंत सरळ नसतेच. जुन्या बिल्डिंगमधली नसते तशी नव्या टॉवरमधलीही नसते. कोपरा गुण्यात नसतो, जमिनीला उतार असतो, भिंतीला मध्येच पोट आलेलं असतं. कपाट मात्र मशीनवर कापलेलं, चारी कोन काटकोन. वाकड्या जागेत सरळ वस्तू बसवायची असते म्हणून तर माप घ्यायचं! भिंत सरळ असती तर एकदा मोजूनही भागलं असतं.

नुसता तूच असा दिवटा आहेस असं नाही, एवढं समाधान हवं तर देतो. 2014 साली फ्रान्सच्या रेल्वेची जगभर शोभा झाली. नव्या गाड्या मागवल्या आणि मग लक्षात आलं की सुमारे 1300 प्लॅटफॉर्मना त्या घासणार. कारण काय? माप दिलं ते आधीच्या तीस वर्षांत बांधलेल्या प्लॅटफॉर्मचं. पन्नास वर्षांपूर्वीची जुनी स्टेशनं कोणी मोजलीच नाहीत. प्लॅटफॉर्मच्या कडा तासायला पाच कोटी युरोंचा खर्च निघाला. जिथे माप घेणं सोपं होतं तिथे घेतलं आणि उरलेलं तसंच असेल असं धरून चालले. तू तर सोप्या जागीसुद्धा टेप लावला नाहीस.

आता वही काढ. हे तुला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, पण डोक्यात राहिलेलं दिसत नाही.

रुंदी एका जागी मोजायची नसते. वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दर्शनी कडेला एकदा आणि मागच्या भिंतीलगत एकदा. सहा आकडे येतील. सहाही वेगळे आले तर दचकू नकोस. ते सारखे आले तर मात्र पुन्हा मोज, कारण तू कुठेतरी डुलकी घेतलेली असणार. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, पुढून आणि मागून. खोली दोन्ही बाजूंना वर आणि खाली. शेवटी समोरच्या तोंडाचे दोन कर्ण. कर्ण सारखे नसतील तर तोंड तिरकं आहे, हे भूमितीच्या तासाला झोपला नसशील तर तुला कळेल. एकूण अठरा आकडे. त्यातली प्रत्येक दिशेची सगळ्यात लहान संख्या ती खरी. सरासरी काढून आणशील तर कागद फाडून टाकीन. सरासरीत कपाट बसत नाही, अडचणीच्या जागी बसावं लागतं.

टेपचंही सांगतो. टेपच्या टोकाचा आकडा थोडा हलतो, ते पाहून "सर, टेप खराब आहे" म्हणणारी पोरं दर वर्षी भेटतात. तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो. आकड्याच्या जाडीइतकाच तो सरकतो, म्हणजे बाहेरून अडकवून ओढलं किंवा आत भिंतीला टेकवून दाबलं, तरी माप बरोबर येतं. आतलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचायचा नाही. टेपच्या डबीची लांबी बहुधा डबीवरच छापलेली असते. डबी भिंतीला टेकव आणि ती लांबी मिळव. त्यापेक्षा चोख हवं तर दोन सरळ काठ्या एकमेकींवर धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत सरकव, जोडावर खूण कर, बाहेर आणून मोज. भिंत ओळंब्यात आहे का ते ओळंबा सोडून बघ, कोपरा गुण्या लावून बघ. गुण्या नसेल तर एका भिंतीवर 30 सेंटिमीटर, दुसरीवर 40 सेंटिमीटरची खूण कर. तिरपं अंतर 50 आलं तर काटकोन. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखायला दोरीने हेच करत. तुझ्याकडे मापं घेणारं मोबाईल अ‍ॅप आहे आणि तरी कोनाड्यात कपाट बसत नाही.

आणि एकक एकच ठेव. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, तरी आपला मिस्त्री अजून इंच आणि सुतात बोलतो. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. त्याचं काही चुकत नाही, तो दिवसभर सुतातच कापतो आणि सुताचाही फरक पडू देत नाही. घोळ होतो तो तुझ्यासारख्याने जागा फुटात ऐकायची, कपाट मिलिमीटरमध्ये मागवायचं आणि मधलं गणित देवावर सोडायचं, तेव्हा.

कोनाड्याची रुंदी झाली. आता उंची. लॉफ्टखाली 85 इंच आहेत, कपाट 84 इंच, म्हणून तू निर्धास्त होतास. कपाट आडवं ठेवून जोडायचं आणि जागेवर उभं करायचं म्हटलं की ते उभं होताना कर्णावर फिरतं. 84 चा वर्ग अधिक खोलीच्या 18 इंचांचा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढ. जवळपास 86 इंच येतं. 85 मध्ये ते लॉफ्टला अडकणारच. खोलीत मोकळ्या जागी उभं करून आत सरकवता आलं असतं, पण तिथे आधीच पलंग टाकून ठेवलास. पायथागोरसचं प्रमेय मार्कांसाठी नव्हतं, हे आता तरी पटलं का?

खोलीचं तर विचारूच नकोस. कोनाडा 18 इंच खोल. मोठ्या माणसाचा हँगर 17 इंचांच्या आसपास, त्यावर कोट चढवला की खांदे आणखी बाहेर. दार बंद करताना प्रत्येक वेळी बाही दारात चेंगरणार. कपडे आडवे टांगायचे तर आतून 22 इंच तरी लागतात. इतकी खोली नसेल तर पुढे ओढायचा रॉड बसव आणि कपडे दाराकडे तोंड करून टांग. कपाट आवडलं म्हणून भिंत चार इंच मागे सरकत नाही.

आत काय ठेवणार, ते मोजलंस? बायकोच्या पैठण्या, आईच्या गोधड्या, गणपतीचं मखर, आकाशकंदील आणि 2027 च्या सिंहस्थाला गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाद्या. गादीची घडी घालून तिची उंची बघितलीस? नाही. चित्रात चार शर्ट आणि एक टोपली दिसली, त्यावर भाळलास. फळी किती लांब आहे ते तरी बघ. दर फुटाला तेवढंच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केलीस तर तिचा वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. पार्टिकल बोर्डाच्या लांब फळीवर गाद्या रचल्यास तर दिवाळीपर्यंत तिची झोळी होईल.

शिंप्याकडे सदरा टाकतोस तेव्हा तो दहा वर्षं ओळखीचा असला तरी गळ्यात टेप टाकूनच उभा राहतो. आपला मिस्त्रीही जागा बघितल्याशिवाय भाव सांगत नाही. त्याला तू "किती लागतील ते फोनवर सांगा" म्हणालास, तो "साहेब, जागा बघून सांगतो" म्हणाला, आणि तुला तो आखडू वाटला. तो तुझ्यापेक्षा शहाणा होता. त्याला डावलून तू बटण दाबलंस आणि आता त्यालाच बोलावून म्हणतोस, "जरा तासून बसवून दे."

तासायचं नाही, ऐकून ठेव. पार्टिकल बोर्डाची कडा नुसती करवतीने कापून उघडी ठेवलीस तर पहिल्या पावसाळ्यात भिंतीची ओल पिऊन ती फुगेल, आणि मग दारंही लागणार नाहीत. परत देता येत असेल तर खोकी मुकाट्याने परत दे. येत नसेल तर मिस्त्रीला घरी बोलाव आणि त्याच्या वेळेचे पैसे दे. बाजूच्या उभ्या फळ्या आहेत तशा राहतील. आडव्या फळ्या आणि मागची पाटी कमी करून कापलेल्या कडेला एजबँड लावून घ्यावा लागेल, भोकं नव्याने पाडावी लागतील आणि दारं नवी करावी लागतील. दारांचाच खर्च सगळ्यात जास्त येईल. आतल्या लहानात लहान रुंदीपेक्षा कपाट दहा मिलिमीटर कमीच ठेवायचं आणि राहिलेली फट बीडिंग पट्टीने झाकायची. फटीची लाज वाटू देऊ नकोस, ती मुद्दाम ठेवायची असते. ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच लागतो, तोही आधीच धरायचा. सरकत्या दारांचं कपाट घेणार असशील तर ड्रॉवर दोन दारांच्या मधोमध टाकू नकोस, नाहीतर ते कधीच पुरते उघडणार नाहीत.

आणि पुढच्या वेळी खोकी वर न्यायच्या आधी जिन्याचं वळण आणि बेडरूमच्या दाराची मोकळी रुंदी मोज. जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, हे फ्लॅट घेताना तुला दिसलं होतं ना?

तुझी चूक एवढीच असती की एक आकडा चुकला, तर मी हसलो असतो. तू आकडा काढलाच नाहीस, आणि नुकसान झाल्यावर पहिलं बोट दुसऱ्याकडे दाखवलंस. मोजण्यात माणूस चुकू शकतो. न मोजणाऱ्याला मात्र चुकलो म्हणायचाही हक्क नाही, त्याने नुसता जुगार खेळलेला असतो. कंपनीकडे तक्रार करायला तुझ्याजवळ कागद आहे का? कोनाड्याची मापं लिहिलेला, तारीख घातलेला? नाही. मग कशाच्या जोरावर भांडणार?

सुट्टीच्या दिवशी टेप, ओळंबा, गुण्या, पेन्सिल आणि कोरा कागद घे. स्कर्टिंग, स्विचबोर्ड, खिडकीची चौकट, दार उघडतं ती बाजू, सगळं कागदावर आख. अठरा आकडे मिलिमीटरमध्ये लिही, प्रत्येक आकडा दोनदा मोजून. खाली सही कर, तारीख घाल आणि तो कागद मला आणून दाखव. तोपर्यंत दुसरी ऑर्डर द्यायची नाही आणि कंपनीला एक शब्द बोलायचा नाही.